मेन स्विच मी पाडला

आमच्या घरातली वीज मोठ्या बाबांच्या हुकमतीत होती. खांबावरून ती सगळ्या गल्लीला येई तशीच आम्हालाही येई, पण एकदा उंबरठ्याच्या आत शिरली की तिनं कसं वागायचं हे मोठे बाबा ठरवत. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उमरखेडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं एकत्र घर होतं. वडील एसटीत ड्रायव्हर, नेमणूक दुसऱ्या डेपोला, रजा मिळाली की येत आणि अर्धी रजा झोपून काढत. त्यामुळे घराचा कारभार मोठ्या बाबांकडे. त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि हातात कला होती, हे मी आजही नाकारत नाही. तुंबलेला स्टो, उलटी झालेली छत्री, दोरा तोडणारी शिलाई मशीन, गल्लीतलं काहीही बिघडलं की त्यांच्याकडे येई आणि नीट होऊन जाई. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पक्कड असे. घरात कोणी मिस्त्री बोलवायचं नाव काढलं की त्यांचं एकच उत्तर, "घरचा माणूस असताना बाहेरचा कायले बोलवाचा?"

विजेचा बोर्ड ओसरीत होता, आतल्या दाराच्या वर. जाड लाकडी फळी, तिच्यावर काळं मीटर, मीटरशेजारी बाजूला दांडा असलेला लोखंडी मेन स्विच आणि खाली चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज, ज्यांना सगळं गाव किटकॅट म्हणायचं. फ्यूज उडाला की मोठे बाबा स्टूल घेत, किटकॅट उपसून काढत, त्यात बारीक तार गुंडाळून परत बसवत. घरात उजेड झाला की खाली उतरून आमच्याकडे असं बघत, की जणू वीज त्यांनीच तयार केली आहे. लहानपणी मला तसंच वाटायचं.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमाराला आईनं मोटरवर चालणारी शेवयांची मशीन घेतली. उन्हाळा लागला की आमची ओसरी बायांनी भरून जायची. भिजवलेल्या रव्याचे गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून बाया सकाळी सकाळी येत, आपला नंबर येईस्तोवर लेकीसुनांच्या गोष्टी सांगत बसत. मशीनचा घर्र घर्र आवाज, तिच्या तोंडातून उतरणाऱ्या ओल्या शेवयांच्या लडी, अंगणात बाजेवर टाकलेली धोतरं आणि त्यांवर वाळणारी ती पांढरी जाळी. मध्येच स्टँडवरून गाडीचा हॉर्न आणि कंडक्टरची "पुसद, पुसद" अशी हाक. दुपारी आई गुळाच्या पाण्यात शेवया शिजवून वर दूध घालून देई. तो वास आजही कुठं आला तर माझं पाऊल थबकतं. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, मी लहान असतानाच वारली होती. त्यांची मुलगी सुशीताई माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. तिला माझ्या आईनंच वाढवलं. आम्ही दोघी एकाच फणीनं केस विंचरायचो आणि त्याच फणीवरून भांडायचो.

सुशीताईसाठी स्थळं बघायला लागले तशी घरात एकेक वस्तू येऊ लागली. आधी वाळ्याचा कूलर, मग मिक्सर, मग फ्रिज. आणि मग फ्यूज उडायला लागला. आईनं मशीन सुरू केली की उडे, कूलर आणि मशीन एकदम चालले की हमखास उडे. आधी कधीमधी, मग रोज. बाया गोळे घेऊन खोळंबत. मोठ्या बाबांचं स्टूल ओसरीतून हलेना. शेवटी एक दिवस ते दुकानातून तांब्याची चांगली जाड तार घेऊन आले आणि ती दोन्ही किटकॅटमध्ये पिळून बसवली. "आता पाहा," ते आईला म्हणाले, "उडतच नाही." आणि खरंच उडेना. घरात सगळे खूश. मशीन चाले, कूलर चाले, फ्रिजमध्ये पाणी गार होई.

आता माझ्या घरी भिंतीत प्लास्टिकची नीटस पेटी आहे, तिच्यात छोट्या छोट्या कळा आहेत. भार वाढला की कळ आपोआप पडते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या बाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "एसी लावल्यापासून कळ सारखी पडायची, मग याहींनी मोठी कळ बसवून टाकली. आता त्रास नाही." मी त्यांच्या हातातला चहाचा कप खाली ठेवायला लावला आणि आधी इलेक्ट्रिशियनला फोन करा म्हटलं. त्यांना राग आला. येऊ दे. पडणारी कळ काहीतरी सांगत असते. तिची जीभ कापली म्हणजे दुखणं बरं होत नाही, एवढं मला त्या ओसरीनं शिकवलं आहे.

मी अभ्यासाला ओसरीतच बसायची, बोर्डाच्या बरोबर खाली. त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या आधी मला ते ऐकू आलं. मशीन सुरू झाली की वरून बारीक चुरचुर येई, गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. आई मशीनचं बटण दाबी आणि माझ्या पुस्तकावरचा बल्ब मान टाकी. मग वास यायला लागला. आधी वाटलं, गल्लीत कोणी सुकी मासळी भाजतंय. पण तो वास कूलर बंद केला की कमी होई. बोर्डाच्या वरच्या चुन्यावर एक पिवळा डाग उमटला, आठवड्या-दोन आठवड्यांत तो चहासारखा तपकिरी झाला. एक दिवस शेवया करायला आलेल्या कांताबाईंचा ओला हात मशीनला लागला आणि त्या "अवं माय!" करून मागं उडाल्या. आईनं त्या दिवसापासून मशीनपुढं पोतं अंथरलं आणि सगळ्यांना चपला घालून बसायला सांगितलं. ओसरीत चपला घालून बसायचं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं.

मी मोठ्या बाबांना सांगितलं. एकदा नाही, वारंवार सांगितलं. जेवताना सांगितलं, दुकानात जाऊन सांगितलं.

"मोठे बाबा, बोर्ड गरम लागते. वास येते."

"उन्हाळा आहे. भिंतही गरम लागते."

"डाग पडला आहे वर."

"चुना जुना झाला. दिवाळीले मारू."

"वायरमनले दाखवू ना एकदा."

मग त्यांचा आवाज चढे. "तुले काय समजते त्यातलं?"

हा प्रश्न त्यांना फार आवडायचा, कारण माझं तोंड बंद होई. मला खरंच काही समजत नव्हतं. पण मग एका दुपारी जवसाची चटणी कालवता कालवता माझ्या डोक्यात लख्ख आलं, की मला समजत नाही हे मला माहीत आहे आणि मोठ्या बाबांना समजत नाही हे त्यांना माहीत नाही. आमच्या दोघांत फरक एवढाच. ज्याला समजतं असा माणूस बाजारात दुकान मांडून बसला होता आणि आम्ही त्याला बोलवत नव्हतो, कारण घरचा माणूस होता.

सुशीताईचं जमलं. स्थळ मारेगावचं, कापसाची चांगली शेती, मुलगा शिकलेला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी ठरलं, ऐन मे महिन्यात. त्या दिवशी आई पहाटेपासून चुलीपुढं होती. आमरस, पुऱ्या, भरल्या वांग्याची भाजी, तळलेल्या कुरड्या. ओसरीत आणि आतल्या खोलीत पाहुण्यांसाठी सतरंज्या टाकल्या, शेजारून आणखी दोन कूलर आणले, लाउडस्पीकरवाल्यानं अंगणात कर्णा बांधून आमच्याच बोर्डातून तार ओढली. मिक्सर आतमध्ये रस फिरवत होता. सुशीताई मोरपंखी साडीत पाटावर बसली होती आणि इतकी देखणी दिसत होती, की मी आमची सगळी भांडणं विसरले.

मी ग्लास घ्यायला ओसरीत आले तेव्हा ती चुरचुर कर्ण्याच्या गाण्यातूनही ऐकू आली. वर पाहिलं. तपकिरी डागाच्या मधोमध काळं वर्तुळ झालं होतं आणि फळीच्या मागून उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर चालली होती. खाली मुलाचे आजोबा गादीला टेकून बसले होते, त्यांच्या शेजारी लहान पोरं. मी मोठ्या बाबांच्या कानाशी गेले.

"बोर्डातून धूर निघून राह्यला."

त्यांनी वर पाहिलं. त्यांना दिसला, हे मी शपथेवर सांगते. पण समोर व्याही बसले होते. "पाहुणे गेले की पाहतो," ते ओठ न हलवता म्हणाले. "आता चूप राय."

मी स्वयंपाकघरात गेले, पायात रबरी चपला सरकवल्या, पोळपाटावरचं कोरडं लाटणं उचललं, ओसरीत येऊन स्टुलावर चढले आणि लाटण्यानं मेन स्विचचा दांडा खाली पाडला. मग दोन्ही किटकॅट उपसले. गरम होते, हात भाजला. ते ओढणीच्या टोकात बांधून गाठ मारली.

कूलरची पाती फिरत फिरत थांबली. कर्ण्यातली बाई गाता गाता गप्प झाली. क्षणभर कोणालाच नवल वाटलं नाही. आमच्याकडे लाइट जाणं काय नवीन? "गेली," कोणीतरी म्हणालं आणि पदर हलू लागले. पण शेजारच्या घरातला रेडिओ चालूच होता. मोठ्या बाबांनी तो ऐकला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी अजून स्टुलावरच होते, हातात लाटणं.

"चालू कर."

"नाही."

"नले, पाहुणे बसले आहेत. चालू कर."

"वायरमन येऊ द्या. तोवर मी नाही करत."

ते उठले, स्टूलजवळ आले, वर पाहिलं, तर किटकॅटच्या जागा रिकाम्या. सगळ्यांसमोर त्यांनी हात पुढं केला. "दे ते."

मी ओढणीची गाठ मुठीत धरली. आयुष्यात मी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. "माह्यावर हात उचला," मी म्हटलं, "पण मी नाही देत."

मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "राहू द्या बापा, हवेचं काय एवढं." पण ते त्यांनी मनापासून म्हटलं नव्हतं, कपाळावरून घाम गळत होता. साक्षगंध तसंच झालं. मुहूर्ताच्या आधी मुलाच्या आजोबांना उकाड्यानं चक्कर आली, त्यांना उचलून अंगणात कडुलिंबाखाली निजवलं, कांदा हुंगवला. कुंकू सुशीताईच्या कपाळावरून नाकावर ओघळलं. तिनं साडीच्या पदराआडून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माह्याच दिवशी काहून?" बोर्डानं दिवस निवडला होता, मी नाही.

निघताना मुलाची आई आईला म्हणाली, "पोट्टी भल्ली जिद्दी आहे वो तुमची."

"हो," आई म्हणाली. "आहे."

पाहुण्यांची जीप वळली आणि मोठे बाबा माझ्याकडे फिरले. "तू या घराची इज्जत घालवली."

"इज्जत गेली असंन," मी म्हटलं. "घर तर आहे ना."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. कोणीच नीट जेवलं नाही, रस भांड्यात आंबून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ते स्टुलावर उभे होते, हातात नवे किटकॅट आणि तीच जाड तार. आणि ओसरीत बाया येऊन बसलेल्या, फडक्यात गोळे घेऊन. मी पुढं होणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बाहेर आली. माझी आई मोठ्या बाबांशी कधी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं असलं तर मला नाहीतर सुशीताईला मध्ये घालून सांगे. त्या दिवशी तिनं पदर डोक्यावर नीट ओढला आणि थेट बोलली.

"भाऊजी, तुम्ही चालू केलं तरी मी मशीन चालवणार नाही. ह्या लोकांच्या लेकी माह्या ओसरीत बसतात. कोणाले काही झालं तर मी तोंड दाखवू शकत नाही." मग बायांकडे वळून म्हणाली, "घरी जा बायांनो. वायरमन येऊन गेला की निरोप देतो."

कांताबाई सगळ्यात आधी उठल्या. "मी तर म्हणूनच राह्यली होती," त्या म्हणाल्या, आणि गोळा काखेत मारून चालू पडल्या. मोठे बाबा स्टुलावरून उतरले, किटकॅट खिशात टाकले आणि दुकानात निघून गेले.

मी सायकल काढली. बाजारात लायसन असलेला एक वायरमन होता, तंबाखूचा खर्रा चघळत बसलेला, जगाला तुच्छ मानणारा. मला पाहून म्हणाला, "घरी कोणी माणूस नाही काय?"

"माणसं आहेत," मी म्हटलं. "म्हणूनच मी आली."

तो हसला. पण आला. येऊन त्यानं दोनदा चहा मागवला, आमच्या घरची बांधणी, चुना, ओसरीची उंची, सगळ्याला नावं ठेवली. मग फळीचे स्क्रू सैल करून ती जराशी पुढं ओढली आणि बोलायचा थांबला. फळीची पाठ कोळशासारखी झाली होती. तारांवरचं रबर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटून लोंबत होतं. मेन स्विचच्या आतला एक स्क्रू ढिला, त्याच्याभोवती सगळं वितळून गोळा झालेलं.

"जाड तार कोनं टाकली?"

उत्तराची वाट न बघता तोच पुढं म्हणाला,

"फ्यूज उडते म्हणजे तो आपलं काम करून राह्यला असते. बारीक तार जळून गेली असती, मग ही फळी नसती जळाली." मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता शाबासकी देईल. "आन् तुले कोनं सांगतलं वर चढाले? धूर निघून राह्यलेल्या बोर्डाले हात लावते काय? मीटरच्या मागचं सारं जिवंत होतं. माणसं बाहेर काढाची, लाइटच्या हापिसात सांगाचं, खांबावरून बंद होते. मेली असती ना."

हेही खरं होतं. मी ते इथं लिहून ठेवते, कारण वाचणाऱ्या कोणी माझं लाटणं उचलू नये. पण त्या वेळी माणसं बाहेर काढा असं मी म्हटलं असतं, तर त्या ओसरीतून एक तरी उठलं असतं का? मला चूप बसवलं होतं. माझ्या हाताशी जे होतं ते मी केलं.

त्यानं सांगितलं की हे असंच जोडून द्यायला तो तयार नाही, कितीही सांगा. आधी विजेच्या ऑफिसातून माणूस येऊन लाइन बंद करेल, मग सगळी फळी निघेल, नवी वायर, मशीनला वेगळी लाइन, फ्रिज-कूलरला वेगळी, आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार, जी आमच्या घरात कधी नव्हतीच. हे सगळं व्हायला बरेच दिवस गेले. मे महिन्यात, विजेशिवाय. आम्ही अंगणात झोपायचो, डासांनी फोडून काढलं. फ्रिजचा वास यायला लागला. आईचा शेवयांचा अर्धा हंगाम बुडाला. सुशीताई माझ्याशी बोलेना. वडील रजेवर आले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि ड्रायव्हरच्या स्वभावाप्रमाणे कोणाचीच बाजू न घेता झोपून गेले. मला रोज कोणी ना कोणी सुनावत होतं आणि मी रोज तेच सांगत होते, की परत तसंच झालं तर परत पाडीन.

मोठे बाबा म्हणत राहिले, "काही झालं नसतं." कोळसा झालेली फळी अंगणात पडलेली असताना तिच्याकडे पाठ करून म्हणत. खरं सांगायचं तर त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं. आग लागली नाही, म्हणून आग लागली असती हे मी कशी दाखवणार? घर जळालं असतं तर मी खरी ठरले असते. मला तसं खरं ठरायचं नव्हतं. लोकांना माझं हे बोलणं कळत नाही. ते विचारतात, एवढ्या माणसांत तमाशा केला, पुढं कधी वाईट वाटलं का? आजोबांना चक्कर आली त्याचं वाटलं. सुशीताईच्या ओघळलेल्या कुंकवाचं फार वाटलं. दांडा पाडल्याचं कधीच नाही.

सुशीताईचं लग्न त्याच घरी लागलं, नव्या बोर्डाखाली. ती मारेगावला नांदायला गेली आणि पहिल्या दिवाळीला परत आली तेव्हा आपण होऊन माझ्याशी बोलली, तेही फणीसाठी.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी, असाच उन्हाळा. समोरच्या घरातून मोठ्या बाबांना हाक आली. त्यांच्या बोर्डात चुरचुरतंय, जरा पाहता का? गल्लीला सवयच तशी होती. मोठे बाबा उठले, मीही मागं गेले, बघू काय करतात म्हणून. त्यांनी लांबूनच बोर्डाकडे पाहिलं, नाकानं वास घेतला, घरच्यांना अंगणात यायला सांगितलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "लाइटच्या हापिसात सांगा आन् लायसनवाल्याले बोलवा. हे घरच्या माणसाचं काम नोहे. मी तर आधीपासून सांगून राह्यलो."

सगळी गल्ली उभी होती. माझ्या जागी दुसरी कोणी शहाणी पोरगी असती तर गप्प बसली असती.

"आधीपासून नाही, मोठे बाबा," मी म्हटलं. "सुशीताईच्या साक्षगंधापासून."

बाया खुदकन हसल्या. मोठ्या बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या हसायच्या थांबल्या. मग ते घरमालकाकडे वळले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "हो, साक्षगंधापासून! आता उभा काय राह्यला बे, जा ना वायरमनकडे!"